राष्ट्रपतिपदाची निवडणूक, १९६९ : उमेदवारांचे बलाबल व कोकणातील नेतृत्व

राष्ट्रपतिपदाची निवडणूक, १९६९ : डॉ. झाकिर हुसेन यांच्या निधनाने रिक्त झालेल्या भारताच्या राष्ट्रपतिपदासाठी १६ ऑगस्ट १९६९ रोजी झालेली निवडणूक. वराहगिरी वेंकटगिरी, नीलम संजीव रेड्डी आणि चिंतामणराव देशमुख हे तिचे तीन प्रमुख उमेदवार होते. भारतातील राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकांपैकी पहिल्या पसंतीच्या मतांनी निर्णय न होता दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली, अशी ही आजवरची एकमेव निवडणूक होय. हिच्यातून काँग्रेस पक्षाची फूट उघड झाली. महाराष्ट्राच्या, विशेषतः कोकणपट्टीच्या दृष्टीने तिला आणखी एक महत्त्व आहे. तिच्यातील एक उमेदवार उत्तर कोकणातील होता आणि प्रतिस्पर्धी उमेदवाराची निवड करणाऱ्या मोजक्या नेत्यांपैकी एक, स. का. पाटील, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या भूमीतील होते. उमेदवार व त्याचे सहकारी निवडताना कोणाचे दोष किती तोलावेत आणि ते तोलताना कोणती चूक होते, याचे हे बोधप्रद उदाहरण आहे.

घटनात्मक चौकट : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अध्यक्ष व उपाध्यक्ष या पदांचे उमेदवार जोडीने उभे राहतात आणि एकाचे वैगुण्य दुसऱ्याने भरून काढावे, या हिशेबाने जोडीदार निवडला जातो. १९६० मध्ये मॅसॅचूसेट्सचे तरुण कॅथलिक उमेदवार जॉन केनेडी यांनी टेक्ससचे अनुभवी संसदपटू लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतले, ते याच हेतूने. भारतीय संविधानात अशी जोडी नाही. राष्ट्रपतीची निवड संसदेच्या दोन्ही सभागृहांचे व राज्य विधानसभांचे निर्वाचित सदस्य मिळून करतात (अनुच्छेद ५४). उपराष्ट्रपतीची निवड केवळ संसदसदस्य करतात आणि ती स्वतंत्रपणे होते. तथापि पक्षांच्या विचारात ही दोन्ही पदे बहुधा एकत्र तोलली जातात. राधाकृष्णन १९६२ मध्ये व झाकिर हुसेन १९६७ मध्ये उपराष्ट्रपतिपदावरून राष्ट्रपतिपदावर गेल्यामुळे दुसऱ्या पदाची निवड म्हणजे पुढील राष्ट्रपतीची पूर्वतयारी, असा एक समज रूढ होऊ लागला होता.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत प्रत्येक मताचे मूल्य सारखे नसते. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निर्वाचित सदस्यसंख्येने भागून व त्या भागाकाराला पुन्हा हजाराने भागून त्या राज्यातील आमदाराचे मतमूल्य ठरते. सर्व राज्यांच्या एकूण मतमूल्याइतकेच एकूण मतमूल्य संसदसदस्यांकडे राहावे, अशा बेताने खासदाराचे मतमूल्य काढतात. १९६९ मध्ये १९६१ ची जनगणना आधारभूत होती. तिच्यानुसार महाराष्ट्राच्या २७० आमदारांपैकी प्रत्येकाच्या मताचे मूल्य १४६, उत्तर प्रदेशातील आमदाराच्या मताचे १७४ आणि प्रत्येक खासदाराच्या मताचे ५७६ होते. सिंधुदुर्ग हा जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी मालवण, वेंगुर्ला, देवगड, कुडाळ, सावंतवाडी हा सर्व प्रदेश रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग होता व लोकसभेच्या राजापूर मतदारसंघाशी जोडलेला होता. मालवणच्या किनाऱ्यावरील मतदाराला राष्ट्रपतीच्या निवडीत प्रत्यक्ष मत नव्हते. त्याच्या वतीने मुंबईत आमदार आणि दिल्लीत खासदार मत देत असे, व खासदाराचे मत आमदाराच्या मताच्या जवळजवळ चौपट वजनाचे होते.

मतदान गुप्त असते आणि ते एकल संक्रमणीय मतपद्धतीने होते. मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतिक्रम लिहितो. वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक मते कोणालाच मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मते असलेल्या उमेदवारापासून आरंभ करून एकेकाला बाद करतात व त्याच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती उरलेल्या उमेदवारांकडे वर्ग करतात. या पद्धतीमुळे प्रतिस्पर्ध्याचा मतदार हाही संभाव्य साहाय्यक ठरतो. संविधानाने न दिलेला जोडीदार मतपत्रिकेवर दुसऱ्या पसंतीच्या रूपाने अवतरतो आणि १९६९ च्या निवडणुकीचे सारे रहस्य या दुसऱ्या पसंतीत आहे.

१९६७ ची पूर्वपीठिका : १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकांत काँग्रेसचे लोकसभेतील बहुमत घटले आणि अनेक राज्यांतील सत्ता गेली. त्यामुळे त्या वर्षीची राष्ट्रपतिपदाची निवडणूक प्रथमच खऱ्या अर्थाने चुरशीची झाली. विरोधी पक्षांनी सरन्यायाधीश कोका सुब्बाराव यांना उभे केले. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही, असा बहुमताचा निर्णय त्यांनी दिला होता आणि एप्रिलमध्ये पदत्याग करून ते निवडणुकीस उभे राहिले. न्यायासनावरून थेट राजकीय स्पर्धेत उतरणे, हेच त्यांच्या उमेदवारीचे वैगुण्य ठरले. निकालात झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४ व सुब्बाराव यांना ३,६३,९७१ मते पडली. उपराष्ट्रपतिपदी गिरी निवडून आले.

या प्रसंगी मालवण किनाऱ्याचा प्रतिनिधी चर्चेच्या मध्यभागी होता. वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै (१९२२–७१) हे प्रजासमाजवादी पक्षाचे नेते १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीन वेळा राजापूरमधून लोकसभेवर निवडून आले होते. गोलकनाथ निर्णयाने संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकारावर आलेली मर्यादा दूर करण्यासाठी त्यांनी एप्रिल १९६७ मध्ये लोकसभेत खाजगी विधेयक मांडले. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर दीर्घ चर्चा झाली, पण ते संमत झाले नाही. विरोधी बाकांवरील एका सदस्याने विरोधी पक्षांच्या राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराच्या सर्वांत गाजलेल्या निर्णयालाच विधेयकाद्वारे आव्हान द्यावे, ही घटना बोलकी आहे. उमेदवार आपल्या बाजूचा असला, तरी त्याने पुरस्कारलेले तत्त्व स्वीकारलेच पाहिजे असे नाही, ही विवेकाची भूमिका तीत दिसते. नाथ पै यांचे जानेवारी १९७१ मध्ये निधन झाले. त्यांच्या विधेयकाचा आशय त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने प्रत्यक्षात आला व तिला राष्ट्रपती या नात्याने गिरी यांनी नोव्हेंबर १९७१ मध्ये संमती दिली.

काँग्रेसची उमेदवारनिवड : ३ मे १९६९ रोजी झाकिर हुसेन यांचे निधन झाले. पदावर असताना निधन पावलेले ते पहिले राष्ट्रपती होत. उपराष्ट्रपती गिरी कार्यकारी राष्ट्रपती झाले. पूर्वीच्या दोन उदाहरणांप्रमाणे काँग्रेसने त्यांनाच उमेदवारी द्यावी, असे एक मत होते. परंतु पक्षसंघटनेवर पकड असलेल्या ज्येष्ठ नेत्यांना, म्हणजे वृत्तपत्रांनी ‘सिंडिकेट’ असे नाव दिलेल्या गटाला, पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर अंकुश ठेवू शकेल असा राष्ट्रपती हवा होता. पक्षाध्यक्ष एस. निजलिंगप्पा, के. कामराज, अतुल्य घोष व स. का. पाटील हे या गटाचे प्रमुख होत. मोरारजी देसाई या वेळी त्यांच्या बाजूस होते.

सावंतवाडी परिसरात जन्मलेले सदाशिव कानोजी पाटील यांचे कर्तृत्व मुंबईत बहरले. मुंबई प्रदेश काँग्रेसची सूत्रे त्यांच्या हाती दीर्घकाळ होती. ते तीन वेळा मुंबईचे महापौर झाले आणि पुढे केंद्रात पाटबंधारे, वाहतूक, अन्न व कृषी तसेच रेल्वे ही खाती त्यांनी सांभाळली. १९६० मध्ये अमेरिकेशी झालेल्या धान्य आयातीच्या मोठ्या करारावर भारताच्या वतीने त्यांची सही होती. निवडणुकीचे व्यवस्थापन व निधिसंकलन यांत त्यांचा हातखंडा मानला जाई. १९६७ मध्ये मात्र दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यांचा पराभव केला आणि नंतर गुजरातमधील बनासकांठा मतदारसंघातून पोटनिवडणुकीने त्यांना लोकसभेत परतावे लागले. मालवणच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

जुलै १९६९ मध्ये बंगलोर येथे अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन भरले. तेथे १२ जुलै रोजी पक्षाच्या संसदीय मंडळापुढे उमेदवारीचा प्रश्न आला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात हरिजन समाजातील व्यक्ती राष्ट्रपतिपदी यावी, असा युक्तिवाद करून इंदिरा गांधी यांनी जगजीवनराम यांचे नाव सुचविले. मंडळातील कामराज, मोरारजी देसाई, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण या चौघांनी लोकसभेचे सभापती संजीव रेड्डी यांना पसंती दिली. इंदिरा गांधी व फक्रुद्दीन अली अहमद हे विरोधात राहिले. जगजीवनराम व निजलिंगप्पा यांनी मत दिले नाही. चार मतांपैकी दोन महाराष्ट्राशी निगडित होती, पण ती एकाच कारणाने पडलेली नव्हती. पाटील हे सिंडिकेटचे आधारस्तंभ होते, तर गृहमंत्री चव्हाण त्या गटाचे नव्हते. पुढे फूट पडल्यावर चव्हाण इंदिरा गांधी यांच्यासोबत राहिले व पाटील संघटना काँग्रेसमध्ये गेले.

यानंतरच्या घटना वेगाने घडल्या. १३ जुलै रोजी गिरी यांनी अपक्ष उमेदवारी जाहीर केली. १६ जुलै रोजी पंतप्रधानांनी मोरारजी देसाई यांच्याकडील अर्थखाते काढून घेतले व देसाई यांनी राजीनामा दिला. १९ जुलै रोजी चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला. त्यावर कार्यकारी राष्ट्रपती म्हणून सही करून गिरी यांनी दुसऱ्याच दिवशी पदत्याग केला. राष्ट्रपती व उपराष्ट्रपती ही दोन्ही पदे एकाच वेळी रिकामी झाल्यास काय करावे, याची तरतूद करणारा कायदा मे महिन्यात झालेला होता. त्यानुसार सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला यांनी २० जुलै ते २४ ऑगस्ट या काळात राष्ट्रपतीचे कार्य पाहिले.

उमेदवारांचे बलाबल : तिन्ही उमेदवारांच्या पूर्वायुष्यात एकेक महत्त्वाचा राजीनामा आढळतो आणि त्या राजीनाम्यांतूनच त्यांचे बळ व उणीव दोन्ही स्पष्ट होतात.

नीलम संजीव रेड्डी (१९१३–९६) हे आंध्र प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री. काँग्रेसचे अध्यक्षपद, केंद्रीय मंत्रिपद व लोकसभेचे सभापतिपद त्यांनी भूषविले होते. सभापती झाल्यावर पक्षसदस्यत्व सोडून त्यांनी निःपक्षपातीपणाचा एक पायंडा घातला. मोठ्या पक्षाची अधिकृत उमेदवारी हे त्यांचे मुख्य बळ होते. त्यांच्या विरोधात मांडला जाणारा पहिला मुद्दा १९६४ मधील होता. कर्नूल जिल्ह्यातील बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिकूल अभिप्राय व्यक्त केल्यावर त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले होते. परंतु हा दोष त्यांच्या पराभवाचे कारण ठरला नाही. त्यांचे खरे दौर्बल्य असे, की पंतप्रधानांना शह देण्यासाठी पुढे केलेला माणूस या दृष्टीनेच त्यांच्याकडे पाहिले जाऊ लागले.

वराहगिरी वेंकटगिरी (१८९४–१९८०) हे रेल्वे कामगारांच्या संघटनेतून पुढे आलेले नेते. श्रीलंकेतील उच्चायुक्त, केंद्रीय कामगारमंत्री, उत्तर प्रदेश, केरळ व म्हैसूर येथील राज्यपाल अशी त्यांची वाटचाल होती. बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनासंबंधीच्या निवाड्यात सरकारने फेरफार केला, म्हणून १९५४ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. या त्यागामुळे कामगारवर्गात त्यांच्याविषयी आदर होता. पंचाहत्तर वर्षांचे वय, पक्षाच्या निर्णयाविरुद्ध केलेली उमेदवारी आणि अत्युच्च पदावर असताना तेच पद मिळविण्यासाठी केलेला खटाटोप, हे त्यांच्याविरुद्धचे आक्षेप होते. दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, द्रविड मुन्नेत्र कळघम, अकाली दल व मुस्लिम लीग यांनी त्यांना पाठिंबा दिला.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१८९६–१९८२) यांचा जन्म महाडजवळील नाते येथे झाला. विद्वत्ता व प्रशासन या दोन्ही बाबतींत तिघांत त्यांचा अधिकार सर्वांत मोठा होता. भारतीय सनदी सेवेत ते परीक्षेत पहिले आले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३–४९), १९५० पासून केंद्रीय अर्थमंत्री, १९५२ मध्ये कुलाब्याचे खासदार, नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. मेघदूताचा त्यांनी मराठीत अनुवाद केला आहे. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला व मराठी जनमानसात त्यांना आदराचे स्थान मिळाले. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी त्यांना उभे केले. त्यांचे वैगुण्य एकच, पण निर्णायक होते : त्यांच्यामागे स्वतःचा पक्ष नव्हता आणि पुरस्कर्त्या पक्षांची मते निवडून येण्याइतकी नव्हती.

या मांडणीत काही विसंगती होत्या. खाजगी उद्योगाचा कैवार घेणाऱ्या स्वतंत्र पक्षाने ज्यांना उमेदवार केले, त्या देशमुखांच्याच कारकीर्दीत १९५५ मध्ये इंपीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर झाले होते व जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले होते. १९५४ मध्ये गिरी यांनी ज्या बँकप्रश्नावर मंत्रिमंडळ सोडले, त्या वेळी अर्थखाते देशमुखांकडे होते. तेव्हा सार्वजनिक क्षेत्राचा विस्तार हा निकष लावायचा, तर देशमुख हे उजव्या बाजूचे उमेदवार ठरत नाहीत. परंतु निवडणुकीत उमेदवाराची कृती मागे पडते व त्याला उभे करणाऱ्यांची ओळख पुढे येते, याचा प्रत्यय रेड्डींप्रमाणे त्यांच्याही बाबतीत आला.

दुसऱ्या पसंतीचा शोध : आपल्या पक्षाची सर्व मते रेड्डींना पडतील, याची खात्री सिंडिकेटला राहिली नव्हती. ही तूट भरून काढण्यासाठी निजलिंगप्पा यांनी स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या नेत्यांशी बोलणी केली. देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्या त्यांच्या सदस्यांनी दुसरी पसंती रेड्डींना द्यावी, असा तिचा हेतू होता. अंकगणिताच्या दृष्टीने हा विचार चुकीचा नव्हता. देशमुख तिसऱ्या क्रमांकावर राहणार हे उघड होते व त्यांच्या मतपत्रिका अखेर कोणाकडे तरी जाणारच होत्या.

या हिशेबात कोकणच्या राजकीय इतिहासातील एक जुने द्वंद्व उलटे होऊन अवतरले. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५५-५६ मध्ये देशमुख व पाटील हे परस्परविरुद्ध टोकांना होते. मुंबई महाराष्ट्रात घालण्यास पाटलांचा कडवा विरोध होता, तर त्याच मुंबईसाठी देशमुखांनी अर्थमंत्रिपदावर पाणी सोडले. तेरा वर्षांनंतर पाटलांच्या गटाचा उमेदवार निवडून येणे हे देशमुखांच्या मतदारांच्या दुसऱ्या पसंतीवर अवलंबून राहिले.

या बोलण्यांची वार्ता बाहेर येताच प्रतिपक्षाला हवे असलेले शस्त्र मिळाले. जगजीवनराम व फक्रुद्दीन अली अहमद यांनी निजलिंगप्पांकडे स्पष्टीकरण मागितले. इंदिरा गांधी यांनी रेड्डींच्या नामनिर्देशनपत्रावर स्वतः सही केली होती, त्यामुळे त्यांच्या उमेदवारीला उघड विरोध करणे त्यांना अवघड होते. पक्षाध्यक्ष काँग्रेसच्या जाहीर विरोधकांशी संधान बांधतात, या आरोपामुळे त्यांची ही अडचण दूर झाली. रेड्डींना मत देण्याचा पक्षादेश काढण्यास त्यांनी नकार दिला व सदस्यांनी आपापल्या सदसद्विवेकबुद्धीनुसार मत द्यावे, अशी भूमिका घेतली. प्रश्न रेड्डी योग्य की अयोग्य हा उरला नाही. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या बाजूने कोण आणि विरुद्ध कोण, असे त्याचे स्वरूप झाले. दोन्ही बाजूंना तत्त्वाचा आधार घेता येत होता. पक्षाने ठरविलेला उमेदवार स्वतः सुचवून मग त्याला वाऱ्यावर सोडणे हा शिस्तभंग होय, हे सिंडिकेटचे म्हणणे निराधार नव्हते. गुप्त मतदानाच्या निवडणुकीत पक्षादेश अप्रस्तुत आहे, हे पंतप्रधानांच्या समर्थकांचे म्हणणेही तितकेच सयुक्तिक होते.

वैयक्तिक निंदा व न्यायालयीन निर्णय : उमेदवाराच्या सार्वजनिक कार्यातील उणिवा दाखविणे आणि त्याच्या खाजगी चारित्र्यावर शिंतोडे उडविणे यांतील सीमा या निवडणुकीत ओलांडली गेली. मतदानापूर्वी रेड्डी यांची बदनामी करणारे एक निनावी पत्रक संसदसदस्यांत पसरले. निकालानंतर गिरी यांच्या निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणारे अर्ज दाखल झाले, त्यांत हे पत्रक हा मुख्य मुद्दा होता. विद्यमान राष्ट्रपती असूनही गिरी यांनी साक्षीदार म्हणून न्यायालयापुढे जबानी दिली. पत्रकाच्या वाटपास गिरी यांची संमती होती हे सिद्ध झाले नाही आणि मे १९७० मध्ये अर्ज फेटाळण्यात आले. याच खटल्यात ध्वनिफितीवरील संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यासंबंधीचा महत्त्वाचा निर्णय झाला. तो पुढे भारतीय पुराव्याच्या कायद्याच्या चर्चेत वारंवार आधारभूत मानला गेला.

निकाल व त्याचा अर्थ : रिंगणात १५ उमेदवार होते. मतमोजणी २० ऑगस्ट रोजी झाली. पहिल्या पसंतीत गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ व देशमुख यांना १,१२,७६९ मते मिळाली. उरलेल्या उमेदवारांत महाराष्ट्रातील दलित नेते पां. ना. राजभोज यांना ८३१ मते होती. वैध मतमूल्य ८,३६,३३७ असल्याने विजयासाठी ४,१८,१६९ मते आवश्यक होती. गिरी यांना १६,६५४ मते कमी पडली. शेवटच्या फेरीअखेर गिरी ४,२०,०७७ व रेड्डी ४,०५,४२७ अशी स्थिती होऊन गिरी १४,६५० च्या मताधिक्याने विजयी झाले. २४ ऑगस्ट रोजी त्यांनी पदाची शपथ घेतली.

या आकड्यांचा अर्थ लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. बाद उमेदवारांच्या मतपत्रिकांवरून रेड्डींना ९१,८७९, तर गिरींना केवळ १८,५६२ मते मिळाली. म्हणजे दुसऱ्या पसंतीच्या फेरीत रेड्डींनी गिरींच्या जवळजवळ पाचपट मते मिळविली. सिंडिकेटने केलेला करार सफल झाला होता. तरीही रेड्डी हरले, कारण हा लाभ मिळविण्यासाठी जे मूल्य द्यावे लागले, ते पहिल्या पसंतीत आधीच चुकते झाले होते. ज्या काँग्रेसजनांनी एरवी पक्षनिष्ठेपोटी रेड्डींना मत दिले असते, त्यांतील अनेकांना या जवळिकीने दूर जाण्यास कारण मिळाले. शेवटचे अंतर इतके थोडे होते, की गिरींना मिळालेली १३ खासदारांची मते रेड्डींकडे वळली असती, तर निकाल बदलला असता. महाराष्ट्राच्या आमदारांच्या मतांत बोलायचे, तर ५१ मते पुरेशी होती. मतदान गुप्त असल्यामुळे प्रत्येकाने कोणास मत दिले हे सांगता येत नाही, परंतु मिळविलेला जोडीदार व गमावलेला स्वजन यांचा ताळेबंद या आकड्यांत पुरेसा स्पष्ट आहे.

३० ऑगस्ट रोजी उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. तीत म्हैसूरचे राज्यपाल गोपाळ स्वरूप पाठक यांनी प्रजासमाजवादी पक्षाचे हरि विष्णु कामत यांचा पराभव केला. अशा रीतीने दोन्ही सर्वोच्च पदे पंतप्रधानांना अनुकूल अशा व्यक्तींकडे गेली. १२ नोव्हेंबर १९६९ रोजी पक्षातून इंदिरा गांधी यांची हकालपट्टी झाली आणि काँग्रेस दुभंगली.

परिणाम : या निवडणुकीने कायद्यातील उणिवाही दाखवून दिल्या. गंभीर हेतू नसलेल्या उमेदवारांची संख्या वाढू नये, म्हणून १९७४ मध्ये नामनिर्देशनासाठी दहा सूचक, दहा अनुमोदक व अडीच हजार रुपये अनामत यांची अट घालण्यात आली. निवडीस आव्हान देण्याचा अधिकार उमेदवार किंवा किमान वीस मतदार यांच्यापुरता मर्यादित झाला. १९९७ मध्ये सूचक व अनुमोदक यांची संख्या प्रत्येकी पन्नास आणि अनामत पंधरा हजार रुपये झाली.

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीत संघटना काँग्रेसचा धुव्वा उडाला आणि सिंडिकेटचे राजकीय महत्त्व संपले. स. का. पाटील यांचे मे १९८१ मध्ये निधन झाले. त्यांच्या जन्मभूमीचा समावेश असलेला सिंधुदुर्ग जिल्हा त्याच महिन्यात निर्माण झाला. १९७१ मध्ये देशभर इंदिरा गांधी यांच्या बाजूने लाट असतानाही राजापूर मतदारसंघाने नाथ पै यांच्या जागी प्रजासमाजवादी पक्षाचेच मधु दंडवते यांना निवडून दिले. दिल्लीत सत्तेचा तोल कोणाकडे झुकतो, यापेक्षा उमेदवाराची पारख स्वतंत्रपणे करण्याची या किनाऱ्याची वृत्ती त्यातून दिसून आली.

१९६९ मध्ये देशमुखांचे मराठीपण महाराष्ट्रातील काँग्रेस नेतृत्वाला पक्षबंधनापेक्षा मोठे वाटले नव्हते. २००७ मध्ये याच्या उलट घडले. शिवसेनेने आपल्या आघाडीने पाठिंबा दिलेल्या भैरोसिंह शेखावत यांना सोडून मराठी उमेदवार म्हणून प्रतिभा पाटील यांना मते दिली. प्रतिभा पाटील ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा मोठ्या फरकाने निवडून आल्या. त्यामुळे महाराष्ट्रातील व्यक्ती प्रथमच राष्ट्रपती झाली. त्या विजयाचा मुख्य आधार मात्र काँग्रेस व तिच्या मित्रपक्षांचे संख्याबळ हाच होता.

संजीव रेड्डी यांच्याविषयीचा इतिहासाचा अखेरचा निर्णय सर्वांत उद्बोधक आहे. जुलै १९७७ मध्ये तेच रेड्डी राष्ट्रपतिपदी बिनविरोध निवडून आले. १९६९ मध्ये त्यांना मत देणारे मोरारजी देसाई तेव्हा पंतप्रधान होते आणि काँग्रेसनेही विरोध केला नाही. आठ वर्षांत त्यांचे पूर्वचरित्र बदलले नव्हते. १९६४ चा राजीनामा तोच होता व पत्रकातील निंदाही लोक विसरले नव्हते. बदलली होती ती त्यांच्याभोवतीची माणसे आणि त्यांच्या निवडीमागचा हेतू. १९६९ मध्ये प्रतिस्पर्ध्यांनी व पुरस्कर्त्यांनी उमेदवाराच्या अंगच्या गुणदोषांची बारकाईने मोजदाद केली. परंतु त्याला कोणाच्या पंक्तीला बसविले जात आहे, हा मतदाराच्या दृष्टीने सर्वांत मोठा दोष तीत मोजला गेला नाही. या निवडणुकीचा निकाल त्या न मोजलेल्या दोषाने ठरविला.